आर्क, मिग आणि टिग यातलं सगळ्यात मजबूत वेल्डिंग कोणतं? गावात वर्कशॉप टाकतोय

तुम्ही लिहिलंय की रोडला लागून शेड घेतलंय, गेट-ग्रील आणि ट्रॅक्टर ट्रॉलीची कामं करणार, भागीदार मेव्हणा आहे आणि तो म्हणतोय रॉडचं, म्हणजे आर्क वेल्डिंग आता जुनं झालं, थेट मिग घेऊ. हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण असलंच शेड, असल्याच ट्रॉल्या आणि असलीच भागीदारी मी सहा वर्षं केली. फरक एवढाच की माझ्या गोष्टीत मेव्हणा मी होतो आणि मिगचा हट्ट दाजींचा होता.

मजबुतीचं म्हणाल तर ती पद्धतीवरून ठरतच नाही. ७०१८ चा रॉड घ्या नाहीतर सीओटूची (मिगला आपल्याकडं त्यातल्या गॅसवरून सीओटूच म्हणतात) नेहमीची ७०एस-६ वायर घ्या, दोन्हीतला ७० म्हणजे ७०,००० पीएसआय (चौरस इंचाला तेवढ्या पाऊंडांचा ताण), भरलेला धातू ताकदीला सारखाच. साधा ६०१३ म्हणजे ६०,०००, आपल्या माइल्ड स्टीलच्या चॅनेलला तोही पुरतो. जॉइंट सुटतो तो बहुतेक वेळा वेल्ड खालच्या प्लेटीत मुरलंच नाही म्हणून. मुरलंय की नुसतं वर बसलंय हे बाहेरून बघून कळत नाही, सगळा घोळ इथंच आहे.

मी सांगलीला आयटीआय केला, वेल्डर ट्रेड, मग चार वर्षं भोसरीत पाईपच्या कामाला होतो. तिथं रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, टिगनं (टंगस्टनच्या सुईनं आर्क काढून) मारायचा आणि वरचे पास, म्हणजे थर, ७०१८ नं भरायचे, पाईप ४५ डिग्रीत बांधून टेस्ट द्यायची, एक पट्टी वाकवताना उघडली की सगळी टेस्ट परत. गावाकडं आलो तेव्हा दाजींनी पलूसच्या पुढं शेड टाकलं होतं. माणूस धंद्याला पक्का, उधारी वसूल करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण वेल्डिंग ते बघून बघून शिकलेले. आणि बहिणीच्या नवऱ्याला कामगारांसमोर उलट बोलायचं नसतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या वर्षी दाजींनी सीओटू मशीन आणलं. २५० अँपिअरचं, सोबत सिलिंडर. खरं सांगतो, मलाही आवडलं होतं. स्लॅग, म्हणजे रॉडच्या टाक्यावर बसणारी खपली, ठोकत बसायला नको, दर रॉडला थांबायला नको, टाका लांबच्या लांब एकसारखा येतो. दाजींचा हिशोबही बरोबर होता, किलोभर रॉड जाळला तर जॉइंटमध्ये साधारण ६०० ते ६५० ग्रॅमच जातो, बाकीचा तुकडे, स्लॅग आणि ठिणग्यात, आणि वायरचा किलोला ९०० च्या वर पडतो. दिवसाला कामही दुप्पट निघायचं. गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांच्या ऑर्डरी एकदम येतात त्यामुळं ते मशीन सकाळी चालू झालं की रात्रीच बंद व्हायचं.

माझं भांडण मशीनशी नव्हतंच, ते कसं चालवलं जातंय याच्याशी होतं. पातळ पत्र्यासाठी लावलेली ०.८ ची वायर तशीच ठेवून, करंट शंभर-एकशेदहावर, ट्रॉलीच्या पुढच्या, ट्रॅक्टरला जोडणाऱ्या त्रिकोणाच्या १२ एमएमच्या गसेट प्लेटा (कोपऱ्याला आधार देणाऱ्या) मारल्या जायच्या. प्लेट गॅसनं कापायची, कडेला ग्राइंडर लावायचा नाही, चॅम्फर (कड तिरकी करणं) नाही, वरचा निळसर काळा मिल स्केलचा थर तसाच, आणि उभा जॉइंट वरून खाली ओढत यायचा. वरून खाली ओढलेला टाका दिसायला लई भारी दिसतो, सपाट, चकचकीत, माशाच्या खवल्यासारखा. पण त्यात वितळलेला धातू आर्कच्या पुढं पळतो, आर्क प्लेटीवर न बसता त्या रसावर बसतो, आणि जाड प्लेट तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. पत्र्याला हे चालतं, १२ एमएमला नाही. मी दोनदा म्हणलं, दाजी ह्या प्लेटा मला रॉडनं वर चढवत मारू द्या. ते म्हणले, "तू पुण्याचं पुण्यात ठेव, इथं गिऱ्हाईक टाका बघून पैसे देतं." दोन्ही वेळा मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

जानेवारीत रात्री दोनच्या सुमाराला ड्रायव्हरचा फोन आला. डबल ट्रॉली, दोन्ही उसानं शिगोशीग, चढावर गिअर बदलताना झटका बसला आणि पुढच्या ट्रॉलीचा त्रिकोण मुळातून सुटला. दोन ट्रॉल्या मागं सरकून रस्त्याकडेच्या चारीत गेल्या म्हणून वाचलो. मागं कुणी मोटारसायकलवाला नव्हता. ही ओळ लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

जनरेटर, इन्व्हर्टर मशीन आणि रॉडचा डबा टाकून आम्ही दोघं गेलो. बॅटरी मारून तो सुटलेला जॉइंट बघितला आणि मला काही बोलायची गरजच राहिली नाही. वेल्डची अख्खी पट्टी एका बाजूला चिकटलेली, सलग, कुठं तडा नाही की भोक नाही. आणि जिथून ती सुटली त्या प्लेटीच्या कडेवर गॅस कटिंगच्या उभ्या रेघा जशाच्या तशा होत्या! बोटानं मोजता येतील अशा. कड वितळली असती तर त्या रेघा उरल्याच नसत्या. वरून अख्खा आर्क गेला आणि त्या कडेला त्याचा पत्ताच नव्हता. दाजींनी पण बोट फिरवलं त्या रेघांवरून. मग म्हणले, "मटेरियल खराब निघालं."

त्या रात्री थंडीत वारं सुटलेलं, तिथं सीओटू चालूच शकलं नसतं, ताशी सात-आठ किलोमीटरचं वारं पण नळीतून येणारा, टाक्याला हवेपासून जपणारा गॅस उडवून लावतं आणि टाक्यात पिन होल पडतात. रॉडचं आवरण जळून गॅसही देतं आणि वरून स्लॅगचं पांघरूणही, म्हणून उघड्यावर तोच. ग्राइंडरनं कडा साफ केल्या, चॅम्फर मारला, दहा नंबरचा (३.१५ एमएमचा) रॉड ११५ अँपिअरवर लावून खालून वर चढवला, तीन पासमध्ये भरला. पहाटे साडेपाचला ट्रॉली कारखान्याच्या रांगेत लागली. तो हंगाम ती पूर्ण चालली, आणि पुढचे दोन पण.

"मटेरियल खराब" मात्र माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आठवड्यानं त्याच प्लेटीच्या उरलेल्या तुकड्यांचे तीन टी-जॉइंट मारले, तिन्ही उभे, तिन्ही एकाच बाजूनं. पहिला दाजींच्या पद्धतीनं, सीओटू वरून खाली. दुसरा रॉडनं खालून वर. तिसरा सीओटूच, पण १.२ ची वायर, कड घासून, करंट वाढवून, खालून वर. व्हाइसमध्ये धरले आणि घण घातला. पहिला दुसऱ्याच दणक्याला उपटून आला, खाली परत त्याच रेघा. दुसरा वाकत वाकत झोपला, फाटला नाही. आणि तिसरा पण झोपला, फाटला नाही. मटेरियल तेच, पहिल्या-तिसऱ्याचं मशीनही तेच, माणूसही एकच. दाजी बघत होते, काही बोलले नाहीत, चहा सांगितला. आजही घरात विषय निघाला की ते मटेरियलच म्हणतात आणि ताई विषय बदलते.

म्हणून तुमच्या मेव्हण्याला एवढंच सांगा की रॉड जुना झाला हे खोटं आहे. आणि तुम्हीही, मिग म्हणजे चिकटवाचिकटवी असं मनात धरलं असेल तर काढून टाका. मी ज्या दिवशी तिसरा जॉइंट मारला त्या दिवशी माझं पण ते मत गेलं. आज माझ्या स्वतःच्या शेडमध्ये दोन्ही आहेत.

पहिलं काय घ्यायचं? माझं मत ठाम, आधी चांगलं २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर आर्क मशीन. गेट-ग्रील त्यावर निघतं, साइटवर नेता येतं, तिसऱ्या मजल्यावर रेलिंग मारायला सिलिंडर वाहावा लागत नाही. ट्रॉलीची कामं सुरू झाली आणि शेडला तीन बाजूनं भिंत किंवा निदान ताडपत्री झाली की मग थ्री फेज सीओटू घ्या, लांब सरळ टाक्यांना त्याला तोड नाही. हूक, त्रिकोण, एक्सलची बैठक असल्या जिवावर बेतणाऱ्या जागा कुणी मारायच्या हे मात्र आधी ठरवा, आणि तो माणूस सांगेल ते भागीदारानं ऐकायचं हे लिहून घ्या. नात्यातली भागीदारी असेल तर खासच. पैशाचे वाटे आपण कागदावर लिहितो, पण कामाच्या बाबतीत शब्द कुणाचा शेवटचा हे कुणी लिहीत नाही आणि पुढं सगळं तिथंच अडतं. माझ्या बाबतीत तसंच झालं. वेगळं व्हायचं कारण लोकांना हिशोब वाटतो, पण हिशोब कधीच चुकला नव्हता.

टिगचं राहिलंच. स्टेनलेसच्या रेलिंगला, पातळ पाईपला, अॅल्युमिनिअमला टिगच. अॅल्युमिनिअमला एसी टिग लागतं, त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० डिग्रीच्या पुढं वितळतो आणि आतला धातू ६६० लाच, एसीनं तो थर फुटतो. स्वस्तातलं नुसतं डीसी मशीन घेऊन अॅल्युमिनिअम करतो म्हणणारे मी बघितलेत, करू नका. टिगसारखी सफाई कशातच नाही, पण हळू आहे, शुद्ध आर्गॉन लागतो आणि हात बसायला महिने जातात. ट्रॉलीच्या फ्रेमला टिग मारणं म्हणजे वेळ वाया. गॅस वेल्डिंगचा सेट कटिंग आणि ब्रेझिंगपुरता (पितळ वितळवून जोडणं) ठेवा.

अजून दोन गोष्टी, आधी सांगायला हव्या होत्या. ७०१८ चं मी वर सांगितलं, पण तो पावसाळ्यात ओलावा धरतो आणि त्या ओलाव्यातला हायड्रोजन जाड जॉइंटला नंतर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, तडा देतो. डबा उघडा राहिला तर ३०० ते ३५० डिग्रीला तासभर तरी भाजायला पाहिजे, ती भट्टी नसेल तर साध्या कामाला ६०१३ च बरा. आणि जीआय पाईप मारताना आधी जस्त घासून काढा, तोंड धुराच्या बाहेर ठेवा, नाहीतर रात्री हुडहुडी भरून ताप येतो, मला आलाय.

मशीन घ्यायला जाल तेव्हा १० एमएमच्या पट्टीचे चार तुकडे आणि एक घण गाडीत टाकून न्या. दुकानदाराला तिथंच टी-जॉइंट मारायला सांगा, उभा, खालून वर, आणि मेव्हण्याच्या हातानं तो मोडून बघा. कडेवर रेघा दिसल्या तर मशीन, करंट नाहीतर हात, यातलं काहीतरी चुकतंय, ते सापडेपर्यंत पैसे देऊ नका.