विचारा तर खरं : सावली हरवते तो दिवस, गडावरचं शून्य आणि लाल होणारी हळद

प्रश्न : दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो असं सगळेच म्हणतात. मग अंगणातल्या खांबाची सावली बाराला नाहीशी का होत नाही? (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : कारण तो रोज डोक्यावर येतच नाही. बडोद्यात वर्षातून दोनदाच येतो, ३ जून आणि ९ जुलैच्या सुमारास. तेही बाराला नाही. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावरची वेळ दाखवतात. आपण तिथून पश्चिमेला नऊ अंशांहून थोडे जास्त, आणि अंशाला चार मिनिटं. त्यात सूर्याचं स्वतःचं थोडं पुढेमागे होणं धरलं, की ३ जूनचा मध्यान्ह १२.३५ ला येतो आणि ९ जुलैचा १२.४२ ला.

स्वतः बघायचं असेल तर जूनचा दिवस धरा, जुलैत ढगांचा भरवसा नाही. पीव्हीसी पाईपचा ३० सेंटीमीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं काटकोनात कापलेली. पाण्याचा पेला चालणार नाही. तो वर रुंद आणि खाली निमुळता असतो, त्यामुळे बुडाभोवती सावलीचं कडं राहतंच. दुसरी खोड गच्चीची. पाणी वाहून जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. पाटाखाली कागदाच्या घड्या सारून पाट समतल करा, त्यावर पाईप उभा करा आणि गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून बघा. पाईप एक अंश जरी कलला तरी ५ मिलिमीटर सावली उरते, आणि मग लोक पंचांगाला नावं ठेवतात. चार मिनिटं उशीर झाला तरी तेवढीच सावली पडते. उलट एक दिवस इकडेतिकडे झाला तर फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे तारखेपेक्षा घड्याळ अचूक हवं.

नेमक्या क्षणी पाईपच्या आतली जमीन पूर्ण उजळते आणि बाहेर सावलीची रेघही राहत नाही. वरून डोकावू नका, नाहीतर दिसेल ती तुमच्याच डोक्याची सावली. आणि वर सूर्याकडे तर अजिबात बघू नका.

याहून गमतीचं म्हणजे, या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत बडोद्यातली मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते. २१ जूनला आपल्या पाईपची ६ मिलिमीटर. इंदूरकरांनी ७ जूनला १२.२५ ची वेळ साधावी. ग्वाल्हेर मात्र कर्कवृत्ताच्या उत्तरेला. तिथे २१ जूनलासुद्धा दीड सेंटीमीटर सावली उत्तरेकडे उरतेच, म्हणून ग्वाल्हेरच्या वाचकांनी पाईप कापायचे कष्ट घेऊ नयेत.

प्रश्न : जगातलं सगळ्यांत जुनं शून्य आमच्या किल्ल्यावर आहे, हे खरं का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : कष्ट घ्यायचेच तर या शून्यासाठी घ्या, फक्त ‘सगळ्यांत जुनं’ एवढं सोडून द्या. किल्ल्याच्या चढावर खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इसवी सन ८७६ च्या लेखात देवळाला दिलेल्या बागेची मापं आहेत, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. हात साधारण ४५ सेंटीमीटरचा धरला तर सुमारे १२१ मीटर आणि ८४ मीटर. पुढे रोज ५० हार देण्याची सोय लिहिली आहे. २७० आणि ५० मधलं शून्य बघा. ते आपल्यासारखंच गोल, पण शेजारच्या अंकांपेक्षा बुटकं, जरा वर उचललेलं.

कंबोडियात मात्र शके ६०५ चा, म्हणजे इसवी सन ६८३ चा लेख सापडला आहे. त्यात शून्याच्या जागी ठिपका आहे. आणि ब्रह्मगुप्ताने शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ६२८ मध्येच लिहून ठेवले होते. तरी आम्हाला ग्वाल्हेरचं शून्यच जास्त आवडतं. ते ग्रंथातलं नाही, माळ्याच्या हिशेबातलं आहे.

प्रश्न : लग्नातल्या हळदीचा डाग साबण लावल्याबरोबर लाल झाला. कपडा वाया गेला का? (रावपुरा, बडोदा)

उत्तर : नाही. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं आणि साबण क्षारधर्मी आहे. भरपूर पाण्यात खळबळलं की पुन्हा पिवळं. लिंबू पिळून डाग गेल्यासारखा वाटतो, पण फक्त लाली जाते, पिवळा राहतोच. खरा उपाय म्हणजे धुवून कडक उन्हात वाळवणं. उजेडात कर्क्युमिन मोडतं आणि डाग फिका होत जातो. पहिल्या उन्हात गेला नाही तर पुन्हा ओला करून घाला.

याच गुणावर घरात चाचणी-कागद बनतो. एक चहाचा चमचा हळद ५० मिलिलिटर पातळ सॅनिटायझरमध्ये टाका (जेल नको, आणि गॅसजवळ अजिबात नको). दहा मिनिटांनी गाळा. टीपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. उन्हात वाळवाल तर रंग आधीच उडेल. पाण्यात हळद भिजवून हे जमत नाही, कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि पट्टीवर नुसते कण चिकटतात. चुन्याची निवळी किंवा धुण्याचा सोडा टेकवला की पट्टी झट्कन विटकरी लाल होते. खाण्याचा सोडा मात्र फसवतो. तो इतका सौम्य, की पट्टी जेमतेम नारिंगी होते आणि मुलं म्हणतात प्रयोग बिघडला. बिघडलेला नसतो. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या बायकांना हे सगळं ठाऊक होतंच, फक्त कर्क्युमिन हे नाव सोडून.

प्रश्न : बडोदा संस्थानात बैल आगगाडी ओढत, ही थाप आहे ना? (मांजलपूर, बडोदा)

उत्तर : थाप नाही. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम हा सुमारे ३२ किलोमीटरचा अडीच फुटी रूळमार्ग सुरू झाला. भारतातली ती पहिली नॅरोगेज. रूळ इतके हलके होते की इंजिनाचं वजन पेलेना, म्हणून डब्यांना बैल जोडले. त्या गाडीला आगगाडी म्हणणं मात्र जरा धाडसाचं, कारण आग कुठेच नव्हती.

प्रश्न : काळाघोडा पुलावरून विश्वामित्रीत मगर दिसते, तोंड उघडून तासन्‌तास पडलेली. रागावलेली असते का? (एक शाळकरी वाचक, बडोदा)

उत्तर : नाही रे बाळा, उकडत असतं. तिला आपल्यासारखा घाम येत नाही. तोंडातल्या ओल्या कातडीवरून पाणी उडून जातं आणि डोकं थंड राहतं, बाकी अंग मात्र उन्हात तापत ठेवायचं. उष्णतेचं तिचं गणित अंड्यापासूनच सुरू होतं. घरट्यात ३१ अंशांपर्यंत तापमान राहिलं तर पिल्लं माद्या होतात, साधारण ३२.५ अंशांना नर. तोंड उघडं असो वा मिटलेलं, बघायचं ते पुलावरूनच. काठावर उतरू नकोस.