रिस्पाला राजापुढे बोलायला लावावे का?

प्रश्न : मी ख्रिस्ती कुटुंबातील सून असून बायबलमधील शौल राजाची उपपत्नी रिस्पा हिच्यावर कादंबरी लिहीत आहे. ती भर दरबारात शौलानंतरच्या दावीद राजाला जाब विचारते, असा प्रसंग मी रंगवला आहे. माझे सासरे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (एल्डर) आहेत. पवित्र शास्त्रात पदरचे घालणे पाप आहे, असे त्यांचे म्हणणे. लेखन थांबवावे का?

उत्तर : प्रिय भगिनी,

लेखन थांबवू नका. दरबाराचा प्रसंग मात्र काढून टाका, आणि तोही सासऱ्यांच्या धाकाने नव्हे, तर कादंबरीच्या भल्यासाठी.

बायबलमधील २ शमुवेल या पुस्तकाचा 21 वा अध्याय पुन्हा सावकाश वाचा. देशात 3 वर्षे दुष्काळ पडतो, शौलाने गिबोनी लोकांची केलेली हत्या हे त्याचे कारण ठरते आणि दावीद शौलाच्या वंशातले सात जण गिबोन्यांच्या स्वाधीन करतो. त्यांत अरमोनी आणि मफीबोशेथ हे रिस्पाचे दोन मुलगे असतात. सातूच्या हंगामाच्या आरंभी डोंगरावर सातांचाही वध करून त्यांना टांगले जाते. रिस्पा खडकावर गोणताट अंथरते आणि आकाशातून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरांना व रात्री श्वापदांना त्या प्रेतांजवळ फिरकू देत नाही. टांगलेले प्रेत रात्रभर तसेच ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायातील नियमशास्त्र सांगते. तेव्हा ही विधवा ज्यासाठी उन्हातान्हात बसून आहे ते नियमशास्त्राला धरूनच आहे, हे सासऱ्यांच्याही ध्यानात आणून द्या.

या साऱ्या कथेत तिच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याआधी तिसऱ्या अध्यायात तिचे नाव येते, तेही शौलाचा मुलगा ईश्बोशेथ आणि सेनापती अबनेर यांच्यात तिच्यावरून भांडण होते म्हणून. अशा बाईला तुम्ही दरबारात वकिलासारखी बोलायला लावलीत, तर वाचकाला आवाज तुमचा ऐकू येईल, तिचा नव्हे. रिस्पाने जे केले ते दावीदाला कळवण्यात आले, एवढेच शास्त्र सांगते. कोणी कळवले? कापणीवरून परतणाऱ्या एखाद्या बाईने, की पहाऱ्यावरच्या शिपायाने? उरलेले पाच जण शौलाच्या मुलीचे पुत्र होते. त्यांची आई त्या डोंगरावर का दिसत नाही? तुमच्या कल्पनेला खरा वाव इथे आहे. रिस्पाचे मन तिच्या हातांतून दिसू द्या: रात्री कोल्ह्याची चाहूल लागताच ती दगड कसा चाचपते, गोणताट कुठे विरले आहे, सातांपैकी आपले दोघे कोणते हे ओळखणे तिला कोणत्या दिवसापासून जड जाऊ लागते.

आता सासऱ्यांविषयी. त्यांच्या मनात बहुधा बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या पुस्तकाच्या शेवटचा इशारा असावा. तो त्या ग्रंथातील संदेशवचनांत भर घालणाऱ्यांना दिलेला आहे, आणि कादंबरी शास्त्र असल्याचा दावा करीत नाही. (कोंबडा आरवला तेव्हा येशूला नाकारणाऱ्या पेत्राच्या मनात काय काय आले, हे पाळकसाहेबही उपदेशात सांगतातच की!) तरीही त्यांची काळजी थट्टेवारी नेऊ नका. पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर करण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनात छापून पूर्ण झाले. मूळ वचनाची एवढी चाड एका मराठी बाईनेच बाळगली होती. तुम्हीही कादंबरीच्या आरंभी शास्त्रातील मजकूर किती आणि तुमची कल्पना किती, हे स्पष्ट लिहा. मग हस्तलिखित सासऱ्यांच्या हाती द्या आणि शास्त्राच्या विरुद्ध जाईल त्या ओळीखाली त्यांना खूण करायला सांगा. त्या ओळी दुरुस्त करा. जे शास्त्रात केवळ आलेले नाही, त्याला मात्र हात लावू नका.