मुदतीची वही कोणाच्या टेबलावर? सरकारी वकील कार्यालयातल्या कामाविषयी प्रश्नोत्तरे

सरकारी वकिलांच्या कार्यालयात लघुलेखक, लिपिक, स्वीय सहायक म्हणून काम करणाऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. निम्म्याहून अधिक पत्रं मुदतीबद्दलच होती, त्यामुळे त्या उत्तराला जागा जास्त गेली आहे.

प्रश्न : काही वर्षं एका दिवाणी वकिलांकडे टायपिंग आणि फायलिंग केलं. आता जिल्हा सरकारी वकील कार्यालयात लघुटंकलेखक म्हणून रुजू झाले आहे. काम तेच असेल असं वाटलं होतं, पण इथे पक्षकार कोण तेच कळत नाही.

खासगी ऑफिसात पक्षकार समोर येऊन बसतो, विचारलं की सांगतो, कागद लागला की दुसऱ्या दिवशी आणून देतो. इथे दाव्याच्या मथळ्यावर ‘महाराष्ट्र शासन’ असतं, आणि शासन काही खुर्चीत येऊन बसत नाही. खरी माहिती तहसीलदारांकडे, कार्यकारी अभियंत्यांकडे किंवा भूसंपादन अधिकाऱ्यांकडे असते. कायदा सरकारी वकिलांना माहीत असतो. या दोघांना जोडणारा कागद म्हणजे परिच्छेदनिहाय अभिप्राय (दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदावर विभागाचं म्हणणं), आणि तो सगळ्यात आधी तुमच्या हातात पडतो.

तो नुसता आवक नोंदवहीत चढवून साहेबांच्या टेबलावर ठेवू नका. दावा शेजारी घ्या आणि परिच्छेद जुळवा. ‘परिच्छेद 3 ते 9 मान्य नाहीत’ एवढ्या एका ओळीवर कोणालाही कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहिता येत नाही. मान्य का नाहीत, मोजणी कधी झाली, नोटीस कोणी बजावली, पंचनामा कुठे आहे? ‘सोबत जोडले आहे’ असं लिहिलेलं खरंच जोडलंय का? प्रतिज्ञापत्रावर सही करणारे अधिकारी अजून त्याच पदावर आहेत की बदलून गेले? हे सगळं साहेबांनी डिक्टेशनला बसायच्या आधी विचारून झालेलं असलं पाहिजे. विचारणा फोनवर करा, पण त्याच दिवशी ई-मेल किंवा पत्रही पाठवा. फोनवर काय बोलणं झालं ते सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

घाई एवढ्यासाठी, की समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची असते आणि न्यायालय ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यापुढे गेलात की ‘नो डब्ल्यूएस’चा (कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा) आदेश आणि तो रद्द करून घेण्यासाठी वेगळा अर्ज. खरं तर सरकारला वेळ आधीच मिळालेला असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस दिल्यावर साधारणपणे दोन महिने दावा लावता येत नाही (तातडीच्या प्रकरणात न्यायालयाच्या परवानगीने लावता येतो, तो भाग वेगळा). ते दोन महिने माहिती गोळा करायलाच दिलेले असतात. प्रत्यक्षात बऱ्याच विभागांत ती नोटीस टपालातून थेट फायलीत जाते आणि समन्स आल्यावरच बाहेर निघते. नोटीशीची प्रत तुमच्याकडे आली असेल तर त्याच दिवशी विभागाला लिहा.

प्रश्न : अपिलाची मुदत मोजताना दर वेळी वाद होतो. नक्कल मिळाल्यापासून मोजायची की निकालापासून? आमचे वरिष्ठ सांगतात, ‘सरकारला उशीर माफ होतो, एवढी चिंता नको.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. विलंब माफीचा अर्ज मुदत कायद्याच्या कलम 5 खाली करता येतो, हे खरं. पण 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याचा 427 दिवसांचा विलंब माफ करायला नकार दिला. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, ही सबब आजच्या काळात चालणार नाही आणि सरकारसाठी मुदतीचा वेगळा कायदा नाही, असा त्या निकालाचा रोख होता. लिव्हिंग मीडिया प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. विरुद्ध बाजूचे वकील तो आजही प्रत्येक विलंब माफीच्या अर्जाला जोडतात. वरिष्ठांशी वाद घालू नका, त्या निकालाची प्रत काढून त्यांच्या टेबलावर ठेवा.

आता हिशोब. मुदत निकालाच्या तारखेपासून चालू होते, नक्कल (निकालाची प्रमाणित प्रत) हातात पडल्यापासून नाही. फक्त नक्कल मिळवायला लागलेला आवश्यक काळ मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे वगळतात. समजा कनिष्ठ स्तर न्यायालयाचा हुकूमनामा 3 मार्च 2025 चा आहे आणि जिल्हा न्यायालयात अपील करायचं आहे. मुदत 30 दिवस. निकालाचा दिवस सोडला की 2 एप्रिल येतो. नकलेचा अर्ज 10 मार्चला दिला, नक्कल 24 मार्चला तयार झाली. दोन्ही दिवस धरून 15 दिवस वगळले, म्हणजे शेवटचा दिवस 17 एप्रिल.

चुका होतात त्या इथे. नक्कल 24 मार्चला तयार झाली आणि शिपाई 4 एप्रिलला ती घेऊन आला, तर मधले दिवस मिळत नाहीत. खिडकीत पडून राहिलेली नक्कल ही तुमची जबाबदारी. 4 ते 9 मार्च हे दिवसही गेलेच, कारण अर्जच केला नव्हता. म्हणून निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज, मग अपील करायचं ठरो वा न ठरो. नकलेच्या मागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असलेला शिक्का असतो. हिशोब त्या शिक्क्यावरून करायचा, आठवणीवरून नाही. उच्च न्यायालयात दिवाणी अपिलाची मुदत 90 दिवस आहे. त्याचे ‘तीन महिने’ करू नका, एक-दोन दिवसांचा फरक पडतो. उलट, कलम 80 ची मुदत दोन महिने आहे, तिचे 60 दिवस करू नका. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडल्याच्या दिवशी दाखल करता येतं.

अपील करायचं की नाही हे कार्यालय ठरवत नाही. सरकारी वकिलांचा अभिप्राय, विभागाचा प्रस्ताव, विधी व न्याय विभागाची मंजुरी, हा सगळा प्रवास त्याच मुदतीत बसवायचा असतो. म्हणून मुदतीच्या वहीत दोन रकाने ठेवा : कायद्याची शेवटची तारीख, आणि प्रस्ताव इथून निघायलाच हवा ती तारीख. दुसरी तारीख लाल शाईने. ऑनलाइन तक्ता असला तरी वही ठेवा, तिच्यात कोणी तारीख बदलली तर दिसते.

प्रश्न : समोरच्या वकिलांचे ज्युनिअर माझे जुने मित्र आहेत. ‘साहेबांनी अपील करायचं म्हटलंय का?’ एवढंच विचारतात. हो-नाही सांगण्यात गैर काय?

त्या हो-नाहीवरच त्यांचा पक्षकार ठरवतो की तडजोडीला बसायचं, कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाकायचं की अंमलबजावणीची घाई करायची. म्हणजे तुम्ही त्यांना सगळंच सांगितलंत.

वकील आणि पक्षकार यांच्यातल्या व्यवहाराची गोपनीयता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे, आणि तेच कलम वकिलांच्या लिपिकांना व कर्मचाऱ्यांनाही लागू केलं आहे. शिवाय तुम्ही सरकारी कर्मचारी, म्हणजे 1979 चे वर्तणूक नियम आहेतच. मित्राला एवढंच म्हणा, ‘अरे, बोर्डावर लागेल तेव्हा तुलाही दिसेल.’ खरा मित्र असेल तर पुन्हा विचारणार नाही.

याहून मोठी गळती मोबाइलमधून होते. मसुद्याचा फोटो काढून विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, त्या ग्रुपवर कोण कोण आहे हे कोणीच बघत नाही. बदलून गेलेले अधिकारी तिथेच असतात. अभिप्रायाची टिपणी प्रकरणाच्या मुख्य फायलीत लावू नका, वेगळ्या कव्हरात ठेवा. फाइल न्यायालयात नेताना ती चुकून सोबत जायला नको. माहिती अधिकारात कोणी अभिप्राय मागितला तर ‘देता येत नाही’ असं काउंटरवर सांगू नका. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे पाठवा, द्यायचं की नाकारायचं ते तेच ठरवतील.

प्रश्न : 1 जुलै 2024 नंतर कलमांचा फार घोळ होतो. सहकाऱ्याने जुन्या मसुद्यात ‘भादंवि’च्या जागी सरसकट ‘भारतीय न्याय संहिता’ टाकलं. बरोबर आहे का?

नाही. त्या तारखेला ‘भादंवि’च्या (भारतीय दंड विधान) जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण गुन्हा कधी घडला ते बघा. 1 जुलै 2024 च्या आधीचा खून असेल तर कलम 302 भादंवि तसंच राहणार, खटला आज चालू असला तरी. त्या तारखेनंतरचा असेल तर 103. फसवणुकीचं 420 आता 318 (4) झालं आहे. ‘शोधा आणि बदला’ बटण दाबलं की जुन्या दोषारोपपत्रातलं उताऱ्यात घेतलेलं कलमसुद्धा बदलतं आणि मूळ कागदाशी मसुदा जुळत नाही. सरकार पक्षाच्या कागदावरची ही चूक आरोपीचे वकील पहिल्याच पानावर पकडतात. प्रक्रियेचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे : त्या तारखेला प्रलंबित असलेली अपिलं, अर्ज, खटले, तपास जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पुढे चालतात. शंका आली की कलमाची जागा रिकामी ठेवून पेन्सिलीने खूण करा आणि साहेबांना विचारा.

प्रश्न : नवे सरकारी वकील आले. ते त्यांच्या खासगी प्रकरणांचं टायपिंगही आम्हालाच देतात. नाही कसं म्हणायचं?

विधी अधिकारी ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात, तुम्ही मात्र निवृत्तीपर्यंत तिथेच. त्यामुळे भांडण करून फायदा नाही आणि गप्प बसूनही नाही. काही विधी अधिकाऱ्यांना खासगी वकिलीची मुभा असते. पण सरकारी वेळ, सरकारी कागद आणि तुमचा पगार त्यासाठी नसतो.

‘साहेब, आज तीन कैफियती आणि एक विलंब माफीचा अर्ज आहे, यातलं कोणतं मागे ठेवू?’ असं विचारा. बहुतेक जण समजतात. नाही समजले तर कामाची रोजची नोंद ठेवायला लागा आणि कार्यालय अधीक्षकांना दाखवा. एखादं पत्र अडीअडचणीला टाइप करून दिलंत तर आभाळ कोसळत नाही, पण ते कार्यालयाच्या संगणकावर साठवू नका. पुढे कधी तपासणी झाली तर ते कोणाच्या लॉगिनमधून निघालं, एवढंच विचारतात.

प्रश्न : आवाजावरून टाइप करणारी सॉफ्टवेअर आली. आता लघुलेखन शिकून उपयोग आहे का?

नोकरीसाठी आहे. लघुटंकलेखकाला 80, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100 आणि उच्चश्रेणीला 120 शब्द प्रति मिनिट ही अट अजून जाहिरातींत असते, सोबत मराठी 30 किंवा इंग्रजी 40 च्या टायपिंगचं प्रमाणपत्र. कामासाठी विचाराल तर सॉफ्टवेअरला ‘गट नंबर’ कळतो, पण साहेबांनी बोलताना आधीच्या परिच्छेदात केलेली दुरुस्ती कळत नाही. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मसुदा दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात, आणि ई-फायलिंगच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती दुरुस्त करत बसायला वेळ नसतो.