‘वनक्षेत्र’ आणि ‘वनाच्छादन’ एकच का?

प्रश्न असा आला आहे: हवामान बदलावरच्या एका वादात एकजण म्हणाला, “भारतातलं वनक्षेत्र वाढतंय, मग माणसावर खापर कशाला?” दुसऱ्याने दुरुस्ती केली, “वाढलंय ते वनाच्छादन, वनक्षेत्र नव्हे.” हे दोन्ही शब्द समानार्थीच ना?

नाहीत. वर्तमानपत्रं ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण वनखात्याच्या लेखी एक शब्द दप्तरातला आहे आणि दुसरा वरून दिसणारा.

वनक्षेत्र, नेमकं म्हणायचं तर नोंदलेलं वनक्षेत्र, म्हणजे सरकारी कागदात ‘वन’ म्हणून नोंद असलेली जमीन: राखीव वन, संरक्षित वन वगैरे. तिच्यावर झाड असायलाच हवं असं नाही. उघडा कातळही वनक्षेत्र असू शकतो, गवताळ माळही.

वनाच्छादन (वन + आच्छादन) मोजतं ते देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण, साधारण दर दोन वर्षांनी, उपग्रहचित्रांवरून. निकष दोनच: जागा किमान १ हेक्टर हवी आणि तिचा किमान १० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली हवा. मालक कोण, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, झाड कुठल्या जातीचं, हे विचारलंच जात नाही. त्यामुळे आमराई, नारळाची बाग, रबराची लागवड, निलगिरीच्या रांगा, सगळं त्यात बसतं. छत्र १० ते ४० टक्के असेल तर विरळ, ४० ते ७० असेल तर मध्यम दाट, त्यापुढे अतिदाट. नोंदलेल्या वनक्षेत्राबाहेरच्या, १ हेक्टरहून लहान तुकड्यांतल्या आणि सुट्या झाडांसाठी ‘वृक्षाच्छादन’ हा तिसरा शब्द आहे. २०२३च्या अहवालात देशाचं वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. त्यात वृक्षाच्छादन मिळवलं की आकडा २५.१७ होतो. मथळ्यात मात्र ‘देशात २५ टक्के जंगल’ असं छापून येतं, आणि तिथेच गफलत होते.

फरक किती पडतो, हे महाराष्ट्र आणि गोवा शेजारी ठेवले की कळतं. महाराष्ट्रात नोंदलेलं वनक्षेत्र सुमारे २० टक्के, पण वनाच्छादन साडेसोळाच्या आसपास. म्हणजे कागदावर वन जास्त, झाडं कमी. गोव्यात उलटं: नोंद एक तृतीयांशाच्या आसपास आणि वनाच्छादन सुमारे ६० टक्के, कारण खाजगी रानं आणि काजू-नारळाच्या बागाही वरून हिरव्याच दिसतात.

‘वाढलं’ हे क्रियापदही जपून वापरावं. १९८७च्या पहिल्या अहवालात ४०० हेक्टरांहून लहान तुकडा नकाशावर येतच नव्हता. पुढे ही मर्यादा २५ हेक्टर झाली आणि २००१पासून १ हेक्टर. चाळणी बारीक झाली की दाणे जास्त सापडतात. तेवढ्यावरून पीक वाढलं म्हणता येत नाही. शिवाय बेरजेत घट लपते: एकीकडे दाट वन तुटलं आणि दुसरीकडे तेवढ्याच हेक्टरांवर बागा उभ्या राहिल्या, तर वनाच्छादन जसंच्या तसं.

कायद्यात ‘वन’ कशाला म्हणायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. गोदावर्मन खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की ‘वन’ हा शब्द कोशातल्या अर्थानेच घ्यायचा, मालकी कुणाचीही असो. शब्दकोशाला इतकं वजन क्वचितच मिळत असेल! (कोश उघडलाच आहे तर ‘जंगल’ही पाहा. मूळ संस्कृत ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश. आयुर्वेदात तो पाणथळ ‘आनूप’ देशाच्या विरुद्ध टोकाला येतो.)

आता मूळ वादाकडे. त्यात आणखी एक जोडी गोंधळ घालते: कार्बनचा ‘साठा’ आणि कार्बनचं ‘शोषण’. साठा म्हणजे खोडात, मुळांत, मातीत आजवर जमलेला कार्बन. शोषण म्हणजे दरवर्षी पडणारी भर. जुन्या वनात साठा प्रचंड असतो, तर नव्या लागवडीत शोषणाचा वेग चांगला पण साठा किरकोळ. म्हणून जुनं वन तोडून ‘तेवढीच झाडं लावली’ की हिशेब जुळत नाही. आकडे वाचताना कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांचीही सरमिसळ नको. सुक्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो, आणि १ टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड (कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ भागिले कार्बनचा अणुभार १२).

‘जंगलं ही पृथ्वीची फुप्फुसं’ ही उपमाही या वादात हटकून येते. फुप्फुसं प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे नेमकं उलटं.

तेव्हा दुसऱ्याची दुरुस्ती बरोबर आहे. पण वनाच्छादन खरोखर वाढलं असलं तरी पहिल्याचा निष्कर्ष टिकत नाही. माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे नऊ दशांश कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटमधून येतो. जगभरच्या जमिनीवरच्या वनस्पती आणि माती मिळून एकूण उत्सर्जनाचा जेमतेम ३० टक्के भाग शोषतात.

लिहिताना ‘नोंदलेलं वनक्षेत्र’, ‘वनाच्छादन’ आणि ‘वृक्षाच्छादन’ असे तीन शब्द वेगळे ठेवावेत. विशेषण ‘वनाच्छादित’, त्यातला ‘दि’ ऱ्हस्व. ‘वनाच्छादीत’ हे चूक.