वाचकांचे प्रश्न : अलिशानची जंगलगाडी

प्रश्न : लाकूड वाहण्यासाठी बांधलेली तैवानमधील अलिशानची अरुंद रेल्वे एवढा चढ कसा चढत असे?

उत्तर : जपानी राजवटीत, अलिशानच्या जंगलातील प्रचंड सायप्रस वृक्षांचे ओंडके खाली आणण्यासाठी बांधलेला हा 762 मिलिमीटर रुंदीचा मार्ग 1912 मध्ये सुरू झाला. समुद्रसपाटीपासून जेमतेम 30 मीटर उंचीवरच्या चियाईहून निघून तो 2,200 मीटरपर्यंत चढतो. त्यासाठी तुलिशान डोंगराला सर्पिल वेढे घातले आहेत आणि त्यापुढे गाडी दिशा बदलत, आलटून पालटून मागेपुढे जात चढते. खरे कौतुक मात्र ‘शे’ नावाच्या वाफेच्या इंजिनाचे. त्याचे उभे सिलिंडर उजव्या बाजूला असतात, तोल साधावा म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो आणि बाजूने जाणारा दांडा दातेरी चाकांमार्फत सर्वच चाके फिरवतो. त्यामुळे वेग मंद असला तरी पकड सुटत नाही. पुढे लाकूडतोड थांबली, प्रवासी वाढले, परंतु 1982 मध्ये रस्ता झाल्यावर तेही घटले. 2009 च्या मोराकोट वादळाने उद्ध्वस्त झालेला हा मार्ग 2024 मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झाला, ही अतिशय आनंदाची बाब आहे.