पहिल्यांदा चेहरा रंगवतेस, तर एवढं बघ

कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मनातली भीती चेहऱ्यावर रंगवायची म्हणतेस, फार आवडलं मला. पण आधी ब्रश बाजूला ठेव आणि संध्याकाळी रंकाळा तलावावर जाऊन बस. आभाळ भरून आलं की ते पाणी निळं राहत नाही, शिशासारखं करडं होतं. तुझी भीती तशी आहे का? की पन्हाळ्यावरच्या पावसाळी धुक्यासारखी पांढरी, पुढची वाट न दिसणारी? वहीत चार ओळी लिही, मगच रंग निवड. राग म्हणजे लाल, दुःख म्हणजे निळा, इथंच बहुतेक नवी मुलं अडकतात.

बाकी सुरुवातीला:
- पोस्टर कलर, ॲक्रेलिक चेहऱ्याला अजिबात नको. पाण्याचे फेस पेंटच घे. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ. खाज सुटली तर तो रंग सोडून दे.
- तीनच रंग.
- थर पातळ दे, वाळू दे, मग दुसरा. जाड थर हसलं की तडकतो.
- क्राफ्टची चमकी डोळ्यांजवळ नको.

एअरब्रशचं, म्हणजे हवेने रंग फवारायच्या यंत्राचं, नंतर बोलू. फोटोबरोबर त्या चार ओळीही पाठव, मला त्या आधी वाचायच्यात.