अमेरिकेत चर्चला जाणारे कमी होत असताना ख्रिस्ती धर्माचे राजकीय वजन कसे टिकून आहे?

ही विसंगती वरवरची आहे. जनमत पाहण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेनुसार १९९९ मध्ये सुमारे ७० टक्के अमेरिकी प्रौढ कोणत्या ना कोणत्या प्रार्थनास्थळाचे सदस्य होते. २०२० मध्ये ते प्रमाण ४७ टक्क्यांवर, म्हणजे प्रथमच निम्म्याच्या खाली आले. मात्र श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल (बायबलला सर्वोच्च प्रमाण मानणारे, धर्मप्रसारावर भर देणारे प्रॉटेस्टंट) मतदार जवळजवळ एकगठ्ठा मतदान करतात, आणि २०१६ पासून त्यांच्यातील दहापैकी सुमारे आठ जण ट्रम्प यांच्या पाठीशी राहिले आहेत.

ही एकजूट पूर्वापार मात्र नाही. गर्भपाताचेच पाहा. बलात्कार किंवा मातेच्या आरोग्यास धोका अशा परिस्थितीत त्यास मुभा देणाऱ्या कायद्यांसाठी प्रयत्न करावेत, असा ठराव १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या इव्हँजेलिकल चर्चच्या मोठ्या संघटनेनेच केला होता, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटणार नाही. १९७९ मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या पुढाकाराने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही पुराणमतवादी ख्रिस्ती राजकीय संघटना स्थापन झाली, तोवर वारे गर्भपातविरोधाकडे फिरू लागले होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा १९७३ चा ‘रो’ निकाल रद्द केला, त्यामागे याच गटांची अनेक दशकांची मोर्चेबांधणी होती. कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट, श्रद्धेने तितकेच पक्के असूनही, बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षालाच मत देतात. त्यामुळे ‘ख्रिस्ती मत’ असा सरसकट शब्दप्रयोग मला दिशाभूल करणारा वाटतो.